कानशिलाला हात लावून पाहा

डॉक्टरीणबाई बावीस वर्षं त्याच दवाखान्यात होत्या. सकाळी नऊला केसपेपरची खिडकी उघडली की दुपारपर्यंत मान वर करायला फुरसत नसे. डोकं धरून आलेला माणूस बाकावर टेकायच्या आत बाईंचा हात ठरलेल्या गोळीकडे जाई.

घरी आत्या होती. आई गेल्यावर आत्यानंच त्यांना वाढवलं आणि लोकांचे कपडे शिवून डॉक्टर केलं. बहात्तराव्या वर्षीही ती सुईत दोरा एका दमात ओवायची.

एके दिवशी आत्या म्हणाली, "अगं, कंगवा लागला तरी डोकं ठणकतं."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. ही गोळी घे," बाई चपला घालता घालता म्हणाल्या.

आठवड्यानं आत्याचं नवीन गाऱ्हाणं आलं. "चार घास चावले की जबडा भरून येतो बघ."

"दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन ये."

दातवाल्यानं एक दाढ काढली. दुखणं जागच्या जागी. तिसऱ्यांदा आत्यानं सांगितलं तेव्हा बाई फोनवर होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

मग एका सकाळी आत्यानं शिलाई मशीनवरून हाक मारली. "या डोळ्यापुढे पडदा कुणी टाकला गं?"

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आत्याच्या कानशिलाला बोटं लावली. तिथली रक्तवाहिनी सुजून दोरीसारखी टणक झाली होती; या आजारात डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून नजर जाते. म्हातारपणी नव्यानं डोकं दुखू लागलं आणि चावताना जबडा दुखला, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी स्टेरॉइड द्यायचं असतं. बाईंनी हे परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आता औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता. पाचव्या दिवशी आत्याचा दुसरा डोळाही गेला.

त्यानंतर बाईंनी ध्यासच घेतला. वरच्या ऑफिसात सहा महिने खेटे घातले आणि आसपासच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांसाठी डोकेदुखीचं प्रशिक्षण मंजूर करून घेतलं. पहिल्या दिवशी चोवीस सह्या झाल्या; चहानंतर खुर्च्यांवर अकराच जण उरले. बाई जीव तोडून सांगत होत्या: दुखणं अचानक आलं की हळूहळू, ते विचारा. महिन्यातले किती दिवस गोळी घेता, तेही विचारा. रोजच्या गोळीनंही डोकं दुखत राहतं. पन्नाशी उलटली असेल तर कानशिलाला हात लावून पाहा. उदाहरण म्हणून त्यांनी 'एका पेशंटची' हकिकत सांगितली.

मागच्या रांगेतला एक तरुण डॉक्टर उठला. डोळे तांबारलेले. "मॅडम, माझ्याकडे रोज ऐंशी पेशंट. एकेकाला तीन मिनिटं. यातलं नेमकं काय विचारू आणि काय सोडू?"

बाईंनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

दुसऱ्या सत्राला आत्या हट्टानं आली. "डोळे गेले, तोंड शाबूत आहे माझं," ती म्हणाली. खुर्चीत ताठ बसून तिनं कंगव्यापासून दाढेपर्यंत सगळं सांगितलं. दाढेवर तर मंडळी हसलीसुद्धा. मग ती सहज बोलून गेली, "तीन वेळा सांगितलं हो मी. घरचीच डॉक्टर, म्हणून दुसरीकडे गेले नाही."

आत्याला काय ठाऊक, भाचीनं हे लपवलं होतं म्हणून! तरुण डॉक्टर बाईंकडे बघत राहिला. बाई उभ्या राहिल्या. "ती डॉक्टर मी," एवढंच कसंबसं म्हणाल्या.

त्या दिवशी चहानंतर कुणीही उठून गेलं नाही.

पण पंधरवड्यात वरून पत्र आलं. दवाखान्यांत माणसं अपुरी आहेत, प्रशिक्षण बंद. बाई वरच्या ऑफिसातल्या साहेबांना भेटल्या, हातापाया पडल्या. "तुमचं दुःख कळतं मला," साहेब म्हणाले, "पण दवाखान्यातल्या खुर्च्या रिकाम्या ठेवून कसं चालेल?"

पुढच्या महिन्यात तरुण डॉक्टरचा फोन आला. एका म्हाताऱ्या नळदुरुस्तीवाल्याचा हाच आजार त्यानं वेळीच ओळखला, औषध देऊन त्याला पुढे पाठवलं. माणसाची नजर वाचली. बाई रडल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या दवाखान्यातली एक म्हातारी पेशंट एक डोळा गमावून मोठ्या इस्पितळात पोहोचली. तिचा डॉक्टर पहिल्या सत्रात सही करून गेलेल्यांपैकी होता.

आता बाई रजा काढून स्वतःच दवाखान्यादवाखान्यांत जातात. बहुतेक ठिकाणी "आज गर्दी आहे, पुढच्या वेळी बघू" असं ऐकावं लागतं. परवा एका ठिकाणी डॉक्टर रजेवर होता. बाईंनी नर्सला आणि गोळ्या देणाऱ्याला समोर बसवून तासभर शिकवलं. नर्सनं सगळं लिहून घेतलं, पण तिची बदली ठरलेली होती. सोमवारी ती तिथे नसणार होती. हे निघताना कळलं. बाई बसथांब्यावर येऊन बसल्या. दोन बस समोरून गेल्या, तरी त्यांना उठवेना.