घासलेली गिनी

जयनगरच्या दुकानात मी पुरचुंडी सोडली आणि लवंगेच्या दंतमंजनाचा वास आला. आत आईची गिनी होती, इंग्रजांच्या काळातली, सोन्याची. जुनी नाणी घेणाऱ्या त्या माणसानं ती भिंगाखाली धरली आणि त्याचा चेहरा पडला. "अक्का, ही घासली कुणी? इतकं जुनं नाणं, पण घासलेलं कुणी संग्राहक घेत नाही. आता नुसता सोन्याचा भाव मिळेल."

त्या वासानं मला आमच्या जुन्या स्वयंपाकघरात नेलं. लक्ष्मीपूजनाची दुपार. आई पाटावर बसलेली, बांगड्या मागे सारलेल्या, ओल्या फडक्यावर गुलाबी मंजन. गिनी घासून घासून तिची बोटंही गुलाबी झालेली.

"अगं, राजाची दाढी पुसट झाली की!" मी म्हणाले.

"होऊ दे. अडीनडीला विकायची वेळ आली तर कळकट दिसायला नको. लखलखीत असली की कुणी भाव पाडणार नाही."

मग तिनं गिनी उन्हात धरली. भिंतीवर कवडसा नाचला आणि मला अगदी निर्धास्त वाटलं. आता ती दुपार आठवली की तिचा हात धरून थांबवावंसं वाटतं.

ती अडीनडी आता आली आहे. आईच्या ऑपरेशनसाठीच मी दुकानात गेले होते. घरी आले तर ती पलंगावर वाट बघत बसलेली.

"काय म्हणाला गं? आवडली ना त्याला?"

"हो. इतकी चकचकीत गिनी त्यानं पाहिलीच नव्हती म्हणे."

"मग!" आई समाधानानं हसली. "हात भरून येईपर्यंत घासायची मी."