दादांनी नाही म्हटलं म्हणून

रविवारी मी आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागात धाकट्या दिरांकडे गेले होते. नदीकाठच्या तिलवाऱ्याजवळ स्कूटर घसरून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं, त्याला बरेच महिने झाले... हाड काही जुळत नाही.

डॉक्टर म्हणतात, कमरेच्या हाडातली मज्जा सुईने काढून मोडलेल्या जागी सोडू. दीर तयार नाहीत.

"वहिनी, एक हाड तर मोडलंच. आता चांगलं हाड काहून टोचू द्यायचं? आणि दादांनी तरी कुठे करू दिलं होतं?"

"ऐका ताई, सकाळपासून हेच चालू आहे," जाऊ आतून ओरडली. "दादांनी नाही केलं, तो मैं भी नहीं!"

दादा म्हणजे आमचे हे. यांचाही मोडलेला पाय असाच न जुळता राहिला होता, यांनाही हेच सुचवलं होतं. 'कमरेला सुई लावू देणार नाही' असं यांनी चारचौघांत ठणकावलं. आमच्याकडे मोठ्या भावाच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही.

मग काठी आली ती कायमचीच. संध्याकाळी सदरच्या बाजारातून पायी फिरून यायचे, ते सुटलं... शेवटपर्यंत.

मी जेमतेम मॅट्रिक. पण हे गेल्यावर याबद्दल मिळेल ते वाचत गेले. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं आणि स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, तिथे गोळा होतात. त्यांच्यापासून आधी मऊ कूर्चा बनते, मग हाड.

कुणाच्या बाबतीत त्या पुरेशा पोहोचत नाहीत. मज्जेत त्या असतात, म्हणून ती नेऊन तिथे सोडायची. यश येतंच असं नाही... पण वाचताना वाटायचं, एकदा करून बघायला हवं होतं.

हे सगळं दिरांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या दादांच्या फोटोकडे बघत बसले.

तेव्हा मी ते बोलले, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "भाऊजी, तुमचे दादा सुईला घाबरले होते. माझा हात धरून म्हणाले, कुणाला कळू देऊ नकोस."

तोंडातून निघून गेलं. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला होता मी...

दिरांनी फोटोवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मलाही भीतीच वाटून राहिली, वहिनी."

"तो पहले बोलते ना जी!" म्हणत जाऊ त्यांच्याजवळ येऊन बसली.

आता या आठवड्यात त्यांना त्या सुईसाठी दवाखान्यात नेणार आहेत. पाय जुळेल की नाही, कुणी सांगू शकत नाही.

परतताना ऑटोत एकच वाटत राहिलं. 'भीती वाटते' हे वाक्य यांनी तेव्हा धाकट्या भावाजवळ बोलून दाखवलं असतं, तर तेच यांना दवाखान्यात घेऊन गेले असते... पण मोठा भाऊ म्हणून घाबरायची मुभा आम्ही कुणीच यांना दिली नव्हती.