साडूभाऊंची भाकरीमोजणी

जेवणावर आमच्या थोरल्या साडूंइतकं निखळ प्रेम करणारा, आणि त्या प्रेमातला घास न घास वहीत लिहून ठेवणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. गेवराईला जमीनमोजणीच्या खात्यात त्यांची हयात गेली. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून मोजून त्यांचा स्वभावच असा झाला, की मोजल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही. फक्त स्वतःचं पोट तेवढं त्यांनी बरीच वर्षं मोजणीतून वगळलं होतं.

ते मोजणीत आलं एका बांधापायी. दोन भावांच्या वादाची मोजणी होती. दोघं दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. साडूभाऊ मधल्या बांधावर चढायला गेले, गुडघ्यानं दगा दिला आणि ते निम्म्यातच अडकले. शेवटी एका भावानं वरून हात धरला, दुसऱ्यानं खालून रेटा दिला, आणि "धर बे नीट!" "तू वढ की बे!" असं म्हणत दोघांनी मिळून सरकारी माणूस वर काढला. भावांचा वाद तिथंच निम्मा मिटला. पण साडूभाऊंच्या मनाला ते फार लागलं. डॉक्टरांनीही वजन उतरवायला सांगितलं, तसा त्यांनी तळहाताएवढा वजनकाटा आणला आणि स्वयंपाकघरात मांडला.

अक्का भडकल्या. "आता माझ्या भाकरीची मोजणी करता का? खुणा कुठं रोवायच्या तेबी सांगा!" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "भाकर ठीक हाय. तेलाची पळी आण इकडं." कॅलरीच्या हिशेबात एक पळी तेल म्हणजे जवळजवळ एक भाकरी, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला. त्या आनंदात त्यांनी मला दिंद्रुडला फोन केला. आजवर आपण वांग्याच्या भाजीवर तरंगणाऱ्या चार भाकरी जास्तीच्या खात होतो, हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि कौतुक जास्त होतं.

पण त्यांनी काही सोडलं म्हणाल तर काहीच सोडलं नाही. लिंबागणेशच्या एका लग्नात मी त्यांच्या शेजारी जेवायला होतो. बुंदी आली तेव्हा वाटलं, आता हे हात आडवा धरणार. त्यांनी छान दोन मुठी बुंदी वाढून घेतली, डोळे मिटून खाल्ली, बोट चाटलं आणि खिशातली वही काढून नोंद केली. समोरच्या पाहुण्यानं सल्ला दिला, की साखर सोडा, गूळ खा, गुळानं वजन वाढत नाही. साडूभाऊ म्हणाले, "पाव्हणं, ऊस एकच हाय. गुऱ्हाळात गेला काय अन् कारखान्यात गेला काय." दुसऱ्या कुणीतरी रात्रीचा भात वाईट असं काढलं. "तांदळाला घड्याळ कळत न्हाई. किती खाल्ला ते इचारा, कवा ते नका इचारू."

मी स्वतः तेव्हा रोज सकाळी गरम पाण्यात मध घालून पीत होतो. त्याबद्दल मोठ्या आशेनं त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "चरबी काय तूप हाय का, गरम पाण्यानं पातळ व्हायला? अन् मध तुमी मोजला का?" मी मोजला नव्हता. मोजला, आणि दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी प्यायला लागलो.

त्यांचा प्रामाणिकपणा तर छळ वाटावा असा. अक्कांच्या ताटातला चिवडा उचलला तरी लिहायचे. एकदा आठवडाभर नेमानं खाऊनही अंगाचं वजन करायच्या मोठ्या काट्यानं अर्धा किलो जास्त दाखवलं. मी असतो तर काटा विहिरीत टाकला असता. ते म्हणाले, "एका दिवसाच्या मोजणीवर निकाल देत न्हाईत. महिना जाऊ द्या." दीड वर्षात त्यांचे चौदा किलो गेले, तेही इतक्या सावकाश, की गावाला पत्ताच लागला नाही.

मला त्यांचं खरं मोठेपण कळलं ते माझ्या लेकीमुळं. गेल्या वर्षी रेणुकाला स्थळ सांगून आलं. मंडळी पोहे खाऊन गेली आणि निरोप आला, मुलगी पसंत आहे, फक्त लग्नापर्यंत थोडी बारीक व्हावी. त्या दिवसापासून पोरगी काकडी आणि काळ्या चहावर राहायला लागली. आम्हाला वाटलं, काय निग्रह आहे! आम्ही चक्क शेजाऱ्यांना कौतुक सांगितलं. पंधरा दिवसांनी ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी सलाइन लावलं, नीट खा म्हणाले. घरी आल्यावर तिनं ताट परत सरकवलं. बायको रडायला लागली, तसा मी गेवराईला फोन लावला.

दुपारच्या एसटीनं साडूभाऊ आले. रेणुकासमोर मांडी घालून बसले आणि वही तिच्याच हातात दिली. "काल काय खाल्लं ते लिही." तिनं लिहिलं. दोन ओळींत संपलं. तिच्याच मोबाइलवर त्यांनी तिला कॅलरींची बेरीज करायला लावली, मग आदल्या दिवशीचं स्वतःचं पान उघडून शेजारी ठेवलं.

"मी म्हातारा, वजन उतरवायलोय, तरी तुझ्या तिप्पट खातो. तू कावून उपाशी मरायलीस?"

"काका, ते लोक म्हणाले..."

"त्यांनी तुला मोजलं कशानं? टेप व्हता? काटा व्हता? नुसत्या डोळ्यानं केलेली मोजणी मी तीस वर्षांत कवा धरली न्हाई."

ती रडता रडता हसली. साडूभाऊंनी माझ्या बायकोला पिठलं टाकायला सांगितलं, दोन अंडी उकडायला सांगितली, वाटीभर दही मागवलं. आणि लेक जेवत होती तेव्हा त्यांनी काहीच लिहिलं नाही. चार दिवस ते आमच्याकडे राहिले. पाचव्या दिवशी रेणुकानं स्वतःच सांगितलं, की ते स्थळ तिला नको. आम्ही नकार कळवला. पुढं ती नीट जेवायला लागली, शेतापर्यंत चालायला लागली. वजन किती झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

परवा साडूभाऊ आणि अक्का मोटरसायकलवर आमच्याकडे आले. साडूभाऊंचा शर्ट खांद्यावरून उतरलेला, मानेच्या शिरा दिसणाऱ्या. हा माणूस म्हातारा झालाय, हे पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं. ते हात धुवायला गेले तेव्हा मी अक्कांना म्हणालो, "साडूभाऊंनी करून दाखवलं बरं का."

"दाखवलं की," अक्का म्हणाल्या. "गुडघंबी लई बरं हाय आता." मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "पर आधी ह्यांच्या मागं गाडीवर बसलं की वारा लागत न्हवता. आता लागतो."

साडूभाऊ दारातच उभे होते. निघताना त्यांनी आपला मफलर अक्कांच्या कानांवरून गुंडाळला, आणि रस्ता मोकळा असूनही गाडी अगदी हळू चालवत नेली.