गरीब नळ

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या मामांमुळे, आणि या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. लासूर स्टेशनच्या पलीकडं माळावर मेंढरं राखून त्यांनी मला शिकवलं. घराण्यातल्या पहिल्या पदवीचा कागद मी त्यांच्या हातात ठेवला, तर त्यांनी तो उन्हात धरून आरपार पाहिला. "शिक्का खरा हाय ना रं?" मग डोळे पुसले, आणि कागद पुन्हा एकदा पाहिला. डॉक्टरनं गोळी दिली की ते त्यालाच विचारत, "तुमी सोता घेता का ही?"

दुष्काळाची वर्षं होती. मी राहत होतो ते शहर चहूकडं वाढत होतं, नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या नळांना आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. माळावर चारा उरला नव्हता. मामांनी बरीच मेंढरं विकली होती, मामी गेल्यापासून ते एकटेच होते आणि गुडघे धरले होते. त्यांनी आता आमच्याकडं राहावं, एवढीच माझी इच्छा. त्यासाठीच मी बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. त्यांना मात्र एवढंच सांगितलं, "मामा, नळ घ्यायचेत. मला दुकानदार फसवतील, तुम्ही चला." कुणावर तरी संशय घ्यायला बोलावलंय म्हटल्यावर ते पहिल्या गाडीनं आले.

क्रांती चौकाजवळच्या दुकानात मामांनी नळ बघायला सुरुवात केली ती बाजारात बकरं बघतात तशी. नळाच्या तोंडात बोट घातलं, हातावर तोललं, मान फिरवली. दुकानदार म्हणाला, "वॉल मिक्सर लगाओ, चाचा."

"न्हाणीत मिक्सर? आंघोळ करायची का चटणी वाटायची?"

त्यानं थंड आणि गरम पाणी कसं एकत्र येतं ते समजावलं. त्यावर मामा माझ्या कानात, पण साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलले, "प्यायला पानी नाय आन् ह्यो दोन परकारचं द्यायलाय. सांभाळून ऱ्हा."

शेवटी स्वयंपाकघरासाठी एका बाकदार नळावर त्यांचं मन बसलं. त्याची मूठ अलगद फिरत होती. "ह्यो घे. लई गरीब हाय."

दुकानदाराचा चेहराच उतरला. "गरीब? क्या चाचा, दुकान का सबसे महंगा पीस है ये!"

न मारणाऱ्या, लाथ न झाडणाऱ्या जनावराला आमच्याकडं गरीब म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. आणि त्या खुशीतच बोलून गेला, "फिर वो हैंडल भी ले लो ना साब. कल आप देखके गए, कमोड के बाजू का. चाचा के गुडघों के वास्ते बोले थे ना?"

मामांनी नळ खाली ठेवला. "ह्ये समदं माझ्यासाठी व्हय?"

"व्हय, मामा."

"तरीच." त्यांनी नळ दुकानदाराकडं सरकवला. मग म्हणाले, "मला बांधून घालायला दावं घ्यायलास तर. अजून चालतो मी, भाच्या."

घरी येऊन चहा घेतला, माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या एस.टी.नं निघून गेले. मेंढरं वाट बघतेत, म्हणाले.

फोनवर त्यांचा भरवसा नाही. माझा आवाज कुणीही काढील म्हणतात. म्हणून काम संपल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र तुम्ही दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्याल, तेव्हा त्या दोघांनाही नमस्कार. काम झालं. हँडल बसवलं. तुमची सून त्यावर टॉवेल टाकते, मी काढतो, मग आमचं भांडण होतं. मेंढरं सोडून तुम्हाला कायमचं येता येणार नाही, हे मला कळतं. पण उन्हाळ्यापुरतं या. शेजारचा पोऱ्या मेंढरं बघील. पाऊस पडला की मी स्वतः तुम्हाला पोचवीन. यात माझा काही डाव आहे, असं तुम्हाला वाटेल. आहे, मामा. तुम्ही इथं राहावं, एवढाच.

तुमचा भाचा."