हलका हात

परवाच्या पंचमीला गल्लीतल्या बायकांनी मला मानाची नवी साडी नेसवली. घडी मोडली तसा खळीचा वास आला आणि मी थेट बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या काष्टी गावात जाऊन उभी राहिले.

तेव्हा आमच्या फेराची म्होरकी भागूमावशी होती. गावातल्या निम्म्या बायकांना फुगडी तिनंच शिकवलेली. त्या पंचमीला आम्ही तिला हिरवं लुगडं नेसवलं. रीत अशी, की मान मिळालेल्या बाईनं आपल्या पसंतीच्या जोडीदारणीबरोबर एक फुगडी घालायची. चार वर्षं तिची जोडीदारीण मीच, म्हणून पदर खोचून पुढं झाले. मावशीनं हात केला तो माझ्या नव्या जावेला, शेवंताला.

"तू नगं गं," मावशी मला म्हणाली. "तू लई वढतीस. हिचा हात हलका हाय."

बायका हसल्या. त्या दोघी गरगर फिरत होत्या, नवं लुगडं सळसळत होतं, आणि शेवंताचा हात सुटावा एवढंच मी नागोबाला मागत होते. सुटला नाही.

आता माझे गुडघे दुखतात, तेव्हा कळतं, मावशीचेही दुखत असणार. कळतं, पण पोटातली जळजळ जात नाही.

परवा बायकांनी विचारलं, "तुमी कुणाबरं घालनार?"

सत्तरी ओलांडलेली शेवंता ओट्यावर बसली होती. मी तिलाच उठवलं आणि पहिल्याच गिरकीला चांगलं ओढलं.

"जाऊबाई, अजून वढताच की," ती म्हणाली.

तिचा हात अजून हलकाच होता.