फोरमन सरांचा चार नंबर

फोरमन सर बास्केटबॉलची मॅच बघताना चेंडूकडे बघत नसत. सगळे लोक एका बास्केटखाली नजर लावून ओरडत असायचे आणि सरांची मान भलतीकडेच वळलेली असायची. मला आधी वाटायचं, यांचं लक्ष नाही. मग एकदा आमच्याच मॅचच्या हाफटाइमला त्यांनी मला विचारलं, "मघाशी प्राजक्तानं बास्केट केलं, तेव्हा तू काय करत होतीस?"

"काही नाही सर, उभी होते."

"तेच विचारतोय. उभी का होतीस? चेंडू काय, तो शेवटी बास्केटकडंच जाणार. त्याच्याकडं काय बघायचं? ज्याच्या हातात चेंडू नाय, तो काय करतो ते बघावं."

सातपूरच्या आमच्या कामगार वसाहतीत सिमेंटचं एक कोर्ट होतं. एका बास्केटला जाळी होती, दुसऱ्याला नुसती रिंग. सर एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या विभागात, फोरमन होते. पहिली पाळी सुटली की अंगावरच्या निळ्या कपड्यांनिशी मोटारसायकलवरून थेट कोर्टवर येत आणि आम्हा मुलींना शिकवत. त्यांना आडनाव होतं, पण ते कोणी वापरत नसे. माणूस कळवणकडचा, नाशकात वीस वर्षं काढूनही बोलण्यातलं 'लय' आणि 'नाय' गेलं नव्हतं. मी बसने शहरातल्या इंग्रजी शाळेत जायचे, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव 'कॉन्व्हेंट' करून टाकलं. "ए कॉन्व्हेंट, गुडघ्यात वाक. आधी धक्का दे, सॉरी नंतर म्हण." कोणाला धक्का लागला की मी सॉरी म्हणायचे, हे खरंच होतं.

मी वर्गात सगळ्यात उंच होते आणि त्यामुळे पोक काढून चालायचे. सरांनी मला चार नंबरवर खेळायला लावलं. चार नंबर म्हणजे पॉवर फॉरवर्ड. बास्केटजवळ राहून धक्के खायचे, हुकलेला चेंडू झेलायचा आणि आपल्या खेळाडूला मोकळं करण्यासाठी समोरच्याच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. या उभं राहण्याला स्क्रीन म्हणतात. स्क्रीन लावणाऱ्याचं नाव स्कोअरशीटवर कुठेच येत नाही. कोणाच्या नजरेत यायचं नाही अशी माझी तेव्हा इच्छा असायची, त्यामुळे हे काम मला आवडलं.

रविवारी प्रॅक्टिस सकाळी असे आणि ती संपली की पायऱ्यांवर चहा आणि वाद. वादाचा विषय दर रविवारी एकच. आजवरचा सगळ्यात मोठा चार नंबर कोण? एका बाजूला सर आणि दुसऱ्या बाजूला रेफरी काका. रेफरी काका दुसऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, आमच्या मॅचमध्ये पंच असत आणि शिट्टी आठवडाभर गळ्यात घालून फिरत. त्यांच्याकडे केबल आली होती. पहाटे उठून ते अमेरिकेतल्या मॅच बघायचे. तिथल्या खेळाडूंची नावं आमच्यापैकी कोणाला नीट म्हणता येत नसत, म्हणून काकांनी त्यांना आपली नावं दिली होती. एक 'ट्रक', कारण तो बास्केटकडे निघाला की समोरचे बाजूला होत. दुसरा 'मुका', तो तरुण होता आणि कधी हसत नसे.

सरांचा उमेदवार होता अण्णा वेल्डर. सर तरुणपणी ज्या कामगार संघात खेळले, त्या संघाचा चार नंबर. त्याला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

"अरे, तुझ्या अण्णाचे पॉइंट किती?" काका विचारायचे.

"पॉइंट काय विचारतो? आमच्या शॉपमध्ये मेंटेनन्सचा जो फिटर हाय ना, तो दिसला तर समज लाइन बंद पडली. दिसला नाय तर समज त्याचं काम लय चांगलं चाललंय. अण्णा तसा होता."

"म्हणजे न दिसणारा माणूस जगात सगळ्यात मोठा? फोरमन, मग माझे सासरे पण घाल यादीत, लग्नात कोणाला दिसले नव्हते!"

सर असल्या वेळी तोंडाने उत्तर देत नसत. एकदा ते उठले, प्राजक्ताला म्हणाले, "तू पळ," आणि तिच्यामागे धावायला काकांना उभं केलं. काका ग्लास हातात घेऊनच निघाले आणि दुसऱ्याच पावलाला सरांच्या छातीवर आदळले. चहा काकांच्या शर्टावर. प्राजक्ता केव्हाच पुढे निघून गेली होती. "हे अण्णाचं काम," सर म्हणाले. काकांनी शिट्टी वाजवली. "फाऊल! पाय हलला होता!" पुढचे दोन रविवार सरांचा पाय हलला होता की नव्हता यावरच गेले.

मी या वादात कधी बोलले नाही. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत बसायचे. घरी मात्र मनातल्या मनात दोघांच्या बाजूने उत्तरं तयार करायचे. आपणही कधीतरी सरांच्या यादीत यावं, असं मला फार वाटायचं. हे मी प्राजक्तालासुद्धा सांगितलं नव्हतं.

नववीत असताना जिल्हा संघाच्या निवडीचं पत्र आलं. दहावीच्या वर्षी खेळ बंद, हे बाबांनी आधीच बजावलं होतं, म्हणजे माझ्यासाठी ही एकच संधी होती. निवड शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मैदानावर होती. छातीवर नंबर लावलेल्या चाळीस मुली आणि खुर्च्यांवर बसलेले तीन निवड करणारे. ओळख नसलेल्या चार मुलींबरोबर मला पंधरा मिनिटं खेळायचं होतं.

मी सरांनी शिकवलं तसं खेळले. आमच्यात छातीवर सात नंबर लावलेली एक चपळ मुलगी होती. मी तिच्यासाठी स्क्रीन लावले आणि तिने त्या वाटेने चार बास्केट केली. दोनदा चेंडू बास्केटखाली माझ्या हातात आला, मी मोकळी होते आणि दोन्ही वेळा मी तो तिला दिला. रेषेबाहेरून सरांचा आवाज येत होता, "बरोबर! असंच, कॉन्व्हेंट, असंच!" इतक्या खुशीत ते कधीच ओरडले नव्हते. मला वाटलं, झालं.

दुपारी यादी लागली. सात नंबर सगळ्यात वर होती. मी नव्हते.

सरांनी यादी खालून वर आणि परत वरून खाली वाचली. मग तिघांपैकी एका निवड करणाऱ्याकडे जाऊन त्याचा कागद बघून आले. कागदावर प्रत्येक नंबरापुढे फक्त बास्केट मांडली होती. माझ्या नंबरापुढे काहीच नव्हतं. शहर बसमधून आम्ही सातपूरला परतलो. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे रडले ते त्यांना दिसलं नसावं.

पुढच्या रविवारी रेफरी काकांनी चहा हातात घ्यायच्या आधीच तोंड उघडलं. "फोरमन, राग मानू नकोस. तुझ्या अण्णापायी पोरीची संधी गेली. निवड म्हणजे काय लग्नाची पंगत आहे का, आधी दुसऱ्याला वाढायला?"

आता सर उठून उभे राहतील असं आम्हाला वाटलं. सर बसूनच राहिले. म्हणाले, "तुझं बरोबर हाय. मीच चुकलो. चार नंबरनं बास्केट करायलाच पाहिजे. अण्णाला तरी कुठं कोण ओळखतं?"

काकांना हे अपेक्षित नव्हतं. जिंकल्यासारखे ते अजिबात दिसत नव्हते.

"नाही काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "सात नंबरची चारही बास्केट माझी होती. त्यांनी ती बघितली नाहीत, ही त्यांची चूक. सरांची नाही."

"अगं, पण तुला घेतलं नाही ना," काका म्हणाले.

"घेतलं नाही तरी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ग्लासातला उरलेला चहा पायरीखाली ओतला आणि गाडी काढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. सोफ्याच्या कडेवर बसून बाबांना म्हणाले, "साहेब, पोरगी मी सांगितलं तेच खेळली. नुकसान माझ्यामुळं झालं. दहावी असली तरी रोजचा एक तास द्या मला." बाबांनी अर्धा तास दिला. मग वर्षभर रोज अर्धा तास सर माझ्याकडून नुसते शॉट मारून घ्यायचे. एक गुडघा दुखत असूनही चेंडू स्वतः उचलून आणायचे आणि माझ्याकडे फेकायचे. ज्या गोष्टीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, ती त्यांनी मला पूर्ण मन लावून शिकवली. हे मला त्या वेळी कळलं नाही. गुडघ्याला बाम चोळत ते "अजून दहा" म्हणायचे, तेव्हा मला त्यांचा रागच यायचा.

दहावीत माझी निवड झाली. या खेपेला सर रेषेबाहेर हाताची घडी घालून उभे होते आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. यादी बघून एवढंच म्हणाले, "चला, लागलं नाव." स्पर्धेआधीच त्यांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि ते बायकोसह गावी गेले. जाताना कोर्टवर आले नाहीत. निरोप घेणं त्यांना जमत नसावं. मलाही जमलं नसतं.

स्पर्धेहून परतल्यावर मी एसटीडी बूथवरून त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. त्यांना बोलावून आणेपर्यंत मी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं होतं. म्हटलं, "सर, सहा पॉइंट केले."

"बरं झालं," ते म्हणाले. पुढे विचारलं, "आणि बाकीच्या पोरी कशा खेळल्या?"

मग मी एकेकीचं सांगत गेले. कोण डावीकडून आत शिरते, कोणाला कुठे अडकल्यावर मोकळं करावं लागायचं, सगळं. इतकं सलग मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. पलीकडून फक्त "हं, हं" येत होतं. तेच आमचं शेवटचं बोलणं. माझं कॉलेज सुरू झालं त्या वर्षी ते गेले, आणि मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

मी आता पुण्यात नोकरी करते. नाशिकला गेले की रेफरी काकांकडे जाते. ते निवृत्त झालेत, शिट्टी घरातच खुंटीला असते. मागच्या वेळी त्यांनी चहा समोर ठेवला आणि विचारलं, "मग, सगळ्यात मोठा चार नंबर कोण?" मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "अण्णा वेल्डर." मी हसले. त्यांनी विचारलं, "हसतेस काय? आता फोरमनची बाजू कोणी घ्यायची?"

त्यामुळे ट्रकची आणि मुक्याची बाजू मला घ्यावी लागते. मी तयारी करून जाते. पॉइंट, सामने, सगळं पाठ असतं. अजून एकदाही जिंकलेले नाही.