आधी ताईंच्या संगणकावर

विनय गेल्याची बातमी मला सगळ्यांच्या बरोबरच कळली. पुण्याला लेकीकडे होते मी, तिच्या बाळंतपणासाठी. सकाळी बाळाला तेल लावून झालं, हात पुसून फोन उचलला, तर आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर तंवरजींचा मेसेज… ‘बड़े दुख के साथ बताना पड़ रहा है…’ आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी परत वर जाऊन नाव वाचलं, परत खाली आले. आमचाच विनय का? आधीच्याच रविवारी तर बोललो होतो. ‘जरा ॲसिडिटी आहे ताई, बाकी एकदम ठीक,’ म्हणाला होता. लेक आतून विचारत होती, आई काय झालं, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘मला आधी का नाही सांगितलं त्यानं?’ माणूस गेला आणि ही बाई रुसून बसली, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे. पण आमचं सगळं नातंच त्या ‘आधी’वर उभं होतं. ते कळायला तुम्हाला आमचं ऑफिस थोडं समजून घ्यावं लागेल. मी काही शिकलेली इंजिनियर नाही, जे विनयनं समजावलं तेच माझ्या भाषेत सांगते.

दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होते. माल खोक्यात भरला की त्यावर स्टिकर लावायचं, कागद काढायचे, ट्रक गेटबाहेर काढायचा, हे आमचं काम. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा टायपिंगसुद्धा येत नव्हतं मला. सगळं बघून बघून शिकले, संगणकही. दिल्लीतल्या द्वारकेहून कंपनीची बस निघायची, आणि त्याच बसमध्ये विनय पहिल्यांदा भेटला. भेटला म्हणजे काय, मी फोनवर आमच्या ह्यांना कुकरची कितवी शिट्टी झाली की गॅस बंद करायचा ते समजावत होते, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, ‘काका, आणि झाकणाला रबर लावायला विसरू नका.’ सगळी बस हरियाणवी आणि हिंदीत बडबडतेय, त्यात हे मराठी! मी वळून बघितलं. उंच, चष्मेवाला, मांडीवर डबा धरलेला मुलगा. ‘कुठले रे तुम्ही?’ ‘पुण्याचा. तुमच्या आयटीत नवीन लागलोय. आणि अरे-तुरे करा हो, इथे कुणी करत नाही मला.’ त्या दिवसापासून मी त्याची ताई.

त्याच्या आधी आयटीवाले सीडी घेऊन टेबलाटेबलाशी फिरायचे. नवीन काही घालायचं असलं की आपण खुर्चीवरून उठायचं, ते बसणार, आपण चहा प्यायचा. मला आवडायचं ते, खरं सांगू? विनयनं ते बंद केलं. त्यानं सगळ्या कारखान्याचे संगणक गटागटांत लावले. डिस्पॅचचा गट, अकाउंट्सचा गट, स्टोअरचा गट. आणि त्याच्या खोलीतल्या मुख्य संगणकावर बसून प्रत्येक गटाला नियम लावले, की या गटातल्या संगणकांवर अमुक सॉफ्टवेअर असलंच पाहिजे. सकाळी आपण बटण दाबलं की आपला संगणक आधी त्या मुख्य संगणकाला विचारतो, आज माझ्यासाठी काय हुकूम? असेल ते मुकाट्यानं घालून घेतो आणि मगच आपल्याला आत सोडतो. विनय जागचा हलतही नाही. मी म्हटलं, ‘म्हणजे पंगत. पानं मांडलेली आणि वाढपी एकच.’ तो हसला नाही. म्हणाला, ‘पंगतीत नको म्हणता येतं ताई, पानावर हात आडवा धरता येतो. इथे कुणालाच नाही म्हणता येत नाही. मी वाढलं की ते पोटात गेलंच. म्हणून आधी एकाच पानात वाढून बघायचं.’ आणि ते एक पान कुणाचं? माझं!

मला वाटलं होतं, मराठी माणूस आहे, आपल्याला जपेल. हा नेमका उलटा. नवीन काहीही आलं की माझ्या एकटीच्या संगणकावर. बाकीच्यांच्या आठ दिवस आधी. सकाळी बटण दाबलं की पडद्यावर ते गोल गोल फिरत बसायचं आणि तंवरजी, आमचे डिस्पॅचचे मॅनेजर, मिशीतल्या मिशीत हसत जाता जाता म्हणायचे, ‘मॅडम, आपका कंप्यूटर फिर ध्यान में बैठ गया?’ मग लगेच विनयचा फोन. ‘ताई, काय दिसतंय समोर?’ मी जे दिसेल ते ओरडून सांगायची. अक्षरं बारीक झालीत, प्रिंटचं बटण गायब झालंय, हिरवं होतं ते निळं का केलंस, डोळे फुटतात माझे. तो ऐकून घ्यायचा. कधी कधी पलीकडून कागदावर पेन चाललेलं ऐकू यायचं.

त्या काळात मी घाबरलेली असायची, हेही सांगते. वय झालेल्यांना कमी करणार अशी कुजबुज ऑफिसात होती, आणि रोज माझाच संगणक बिघडताना दिसायचा. एक दिवस बसमध्ये मी त्याला धरलंच. ‘अरे, मी काय तुझं वाईट केलंय? सगळ्या ऑफिसात तुला मीच सापडते का? त्या अकाउंट्सच्या शर्माजींना दे की!’ तो म्हणाला, ‘शर्माजी संगणक बंदच करत नाहीत ताई. नुसता पडदा बंद करून घरी जातात. माझा हुकूम त्यांच्यापर्यंत महिनोन्महिने पोचतच नाही.’ मग म्हणाला, ‘आणि पोचला तरी काय? मी विचारलं की सगळे म्हणतात, सब ठीक है जी. काम अडलेलं असतं, प्रिंट निघत नसते, तरी सब ठीक है जी. कुणाला साहेबाची भीती, कुणाला माझी दया. या अख्ख्या कारखान्यात एकट्या तुम्ही ओरडता. तुम्ही ओरडला नाहीत, की मगच मी बाकीच्यांना पाठवतो.’ ओरडण्याबद्दल मला आयुष्यात कुणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. सासरी तर मुळीच नाही. मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘शेवटी गुणाला गिऱ्हाईक मिळालं.’

नंतर तर ती रीतच झाली. आयटीत नवीन कुणी लागलं की विनय त्याला शिकवायचा, ‘पहले कुमुद ताई की मशीन पे डालो. ताई चुप, तो सबको भेजो.’ तंवरजीसुद्धा फोनवर विचारायचे, ताईने पास किया क्या? आमच्याकडे नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाकाची चव घेत नाहीत. मी त्याला म्हणायची, तुझं सगळं उलटं, आधी मी उष्टं करायचं आणि मग सगळ्यांना वाढायचं. तर म्हणायचा, ‘देव तक्रार करत नाही ना ताई, म्हणून चालतं त्याला.’

एकदाच ती रीत मोडली. आमच्या ह्यांना हृदयाचा त्रास झाला, दवाखान्यात होते. मी अर्धा दिवस ऑफिस, अर्धा दिवस तिकडे. डोळ्याला डोळा नाही. नेमकं तेव्हाच स्टिकर छापायच्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली. विनयनं ती स्वतःच्या संगणकावर घालून बघितली, चालली, आणि सगळ्या डिस्पॅचला पाठवून दिली. त्याच्या टेबलावर स्टिकरचा प्रिंटर नव्हताच! दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी बटणं दाबली, सगळ्यांकडे ते गेलं, आणि प्रत्येक प्रिंटरमधून अर्धं कापलेलं स्टिकर बाहेर यायला लागलं. त्याशिवाय खोकं हलत नाही. गेटपर्यंत ट्रक उभे. ड्रायव्हर आत येऊन शिव्या देतायत. तंवरजी लाल झालेले, ‘किसने किया ये?’ ज्यांनी ते सॉफ्टवेअर विकलं त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. तंवरजींना तेच हवंही होतं. विनय मध्ये उभा राहून म्हणाला, ‘मैंने किया सर. जिस मशीन पे पहले चलाता हूँ, उस पे नहीं चलाया.’ ‘क्यों नहीं चलाया?’ त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मग खोलीत जाऊन नियम बदलला, आणि धावत बाहेर येऊन प्रत्येकाला म्हणत फिरला, बंद करके चालू करो, सिर्फ स्क्रीन नहीं, पूरा बंद! दुपारपर्यंत जुनी आवृत्ती परत आली, ट्रक हलले. त्याला साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. तो खाली मान घालून गेला आणि तशीच मान घालून आला.

बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसले. ‘मला का वगळलंस?’ ‘तुमचे हाल बघत होतो ना ताई. म्हटलं, या वेळी तरी त्रास नको.’ ‘विचारायचं तरी!’ ‘तुम्ही हो म्हणाला असतात.’ ‘मग?’ ‘म्हणूनच नाही विचारलं.’ असा हा माणूस. मी खूप रागावले. म्हटलं, तुझ्या या दयेनं माझं ओझं कमी झालं नाही, तुझं वाढलं. पुन्हा मला असं परस्पर वगळायचं नाही, समजलं? ‘समजलं,’ म्हणाला. डब्यातली चकली काढून माझ्या हातावर ठेवली.

माझी निवृत्ती झाली, हेही गेले, पण विनयचा रविवारचा फोन चुकला नाही. बायको मेधाशी भांडण झालं की आधी मला. प्रमोशन मिळालं, आधी मला. द्वारकेतच घर घेतलं तेव्हा टाइल्सचा रंगसुद्धा आधी मला दाखवला आणि मी ओरडल्यावर बदलला. आता कळलं तुम्हाला, मी का रुसले? ग्रुपवरच नंतर वाचलं, कित्येक महिने आजारी होता म्हणे. इतकं मोठं दुखणं पोटात घेऊन हा माणूस मला दर रविवारी बाळाचं वजन विचारत होता. ज्या बाईचा ‘सब ठीक है’वर कधी विश्वास बसला नाही, तिलाच ‘एकदम ठीक’ म्हणत होता. मी आपली वाटत होते ना त्याला? की निवृत्त झाल्यावर गटातून काढलं? पुण्याहून दिल्लीपर्यंत गाडीत मी हेच चघळत आले. कोटा गेलं, मथुरा गेली… दुःख बाजूलाच राहिलं.

मी पोचले तोवर तेरावा होऊन गेला होता. दार मेधानं उघडलं. केस नीट बांधलेले, घर लख्ख आवरलेलं. ‘या ताई. प्रवास ठीक झाला ना? मी ठीक आहे. मुलगीही ठीक आहे, कॉलेजला गेलीय.’ चहा ठेवला. कागदपत्रांचं सांगितलं, ऑफिसचे लोक येऊन गेले त्याचं सांगितलं, सगळं एखाद्या निवेदिकेसारखं. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘मेधा, मला का नाही सांगितलंत गं? इतके महिने!’ ती कपाकडे बघत म्हणाली, ‘मी म्हणाले होते त्याला, ताईंना सांगू या. दोनदा फोन हातात घेतला होता मी. तर म्हणाला… डॉक्टर बोलतात ते रिपोर्टचं बोलतात, नातेवाईक धीर देतात, ते मी ऐकू शकतो. ताईंना सांगितलं की त्या ओरडतील. आणि त्या ओरडल्या, की मग खरंच बिघडलंय. मग मला काही पर्याय नाही. थोडे दिवस राहू दे.’

मी उठले आणि त्याच्या खोलीत गेले. पलंग, त्याच्यावर ओढलेली चादर, खिडकीशी पाण्याचा तांब्या, खुंटीला त्याचा तो राखाडी स्वेटर. मी स्वेटरकडे बघितलं आणि काय झालं मला माहीत नाही… मी ओरडले. चांगली मोठ्यानं. ‘अरे गाढवा, विनय! थोडे दिवस म्हणजे किती? मी आले असते ना रे! काही केलं नसतं, नुसती इथे बसले असते! कुणाला विचारून ठरवलंस तू? बिघडलंच होतं ना? सगळं बिघडलंच होतं ना?’ शेजारच्यांची खिडकी उघडल्याचा आवाज आला. येऊ दे. मी थांबले नाही.

मेधा दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, म्हणेल ताई पुरे. ती हळूच आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, ‘मी ठीक नाहीये हो ताई.’ आणि जी रडायला लागली… तेराव्यापर्यंत मेधा रडली नव्हती, हे मला नंतर कळलं. सगळ्यांना ठीक आहे, ठीक आहे सांगत पाहुण्यांना जेवायला वाढत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझं ओरडणं कुठल्या क्षणी रडणं झालं ते मलाही समजलं नाही.

संध्याकाळी म्हणाली, ही खोली आवरायचीय, सगळे सांगतात आवरून टाक. मी म्हटलं, तुला आवरायचीय? ‘नाही.’ मग राहू दे, म्हटलं. आता दर शनिवारी मी मेट्रोनं दोन स्टेशनं जाते तिच्याकडे. आम्ही त्याच खोलीत बसतो, चहा घेतो, मी खिडकी उघडते आणि तांब्यातलं पाणी बदलते. स्वेटर खुंटीलाच आहे.